'पेलेआर' म्हणजे नक्की काय? भांडण, मारामारी की लढा?

शाल्मली_पुणे

नमस्कार मंडळी. स्पॅनिश शिकते आहे, यंदा देले परीक्षेची बी-वन पातळी द्यायचा विचार आहे. इथे स्पेन आणि लॅटिन अमेरिकेत राहणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

'पेलेआर' हे क्रियापद मला अजून नीट पकडता येत नाहीये. माझ्या छोट्या शब्दकोशात 'लढणे' एवढंच दिलंय. पण वाचताना, ऐकताना भेटलेली ही वाक्यं बघा:

मिस एर्मानोस से पेलेआन पोर एल मान्दो. (माझे भाऊ रिमोटवरून भांडतात.)
पेलेओ पोर सुस देरेचोस. (तिने आपल्या हक्कांसाठी लढा दिला.)
एस्तान पेलेआदोस देस्दे ला बोदा. (त्या लग्नापासून त्यांचं... काय?)
पेलेओ कोन सान मार्तीन. (सान मार्तीनशी लढला? की त्याच्या बाजूने?)

आपल्याकडे भांडणे, मारामारी करणे, झगडणे, लढणे, अबोला धरणे ही सगळी वेगवेगळी खाती आहेत. त्यांच्याकडे एकच क्रियापद सगळीकडे दिसतं. मग समोरचा माणूस 'पेलेआर' म्हणाला, की ठोसे चालले की नुसती तोंडं चालली, हे ऐकणाऱ्याला कळतं कसं?

माद्रिदवासी

सोपं आहे. 'से' ('स्वतःला, एकमेकांना' असा छोटा शब्द, 'मी'बरोबर तो 'मे' होतो) लावलं की शाब्दिक भांडण, 'से' नसलं की खरी लढाई. पेलेआर आणि पेलेआर्से ही दोन वेगळी क्रियापदं समजून चाला.

ग्वादालाहाराकर

माद्रिदवासी, हा नियम मेक्सिकोत तरी टिकत नाही. इथे 'मिस पापास पेलेआन मूचो' म्हणजे 'आईबाबांची सारखी भांडणं होतात'. 'से' नाही, आणि हाणामारीही नाही. उलट 'से पेलेआरोन आफुएरा देल बार' म्हणजे बारच्या बाहेर चांगलीच जुंपली होती, दोघांची नाकं फुटली असतील. 'से' आहे तरीही.

ठोसे की शब्द, हे 'से'वर ठरत नाही. ते आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं.

माद्रिदवासी

मी स्पेनबद्दल बोलतोय. इथे घरातल्या कटकटीला कोणी नुसतं 'पेलेआन' म्हणत नाही, 'से पेलेआन' किंवा 'दिस्कुतेन' (वाद घालतात) म्हणतात.

ग्वादालाहाराकर

ते मान्य. पण मग तो 'स्पेनमध्ये असं बोलतात' एवढाच मुद्दा झाला. परीक्षेत ऐकायला मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना सगळीकडचे आवाज येतात. शाल्मलीने तो नियम पाठ केला तर तिथे अडकेल.

आबा_वाईकर

शाल्मलीबाई, प्रश्न आवडला. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ही भाषा हौसेने धरली, तेव्हापासून हे क्रियापद माझं लाडकं आहे. कारण त्याचं मूळ 'पेलो' या शब्दात आहे. पेलो म्हणजे केस. मूळ अर्थ एकमेकांचे केस धरून भांडणे. आपण 'झिंज्या उपटणे' म्हणतो तेच की हो! सार्वजनिक नळावरची भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशातही हत्यारांनी लढण्यापासून ते हत्यारांशिवाय, नुसत्या शब्दांनी भांडण्यापर्यंत सगळं या एकाच नोंदीत येतं. म्हणजे त्या भाषेच्या दृष्टीने ही एकच क्रिया आहे. हात वापरले की जीभ, हा तपशील.

चिंचगुळ

आबा, याच घराण्यातला आणखी एक वाक्प्रचार: 'आन्दार आ ला ग्रेन्या'. ग्रेन्या म्हणजे विस्कटलेले, गुंतलेले केस. दोघंजण सारखे भांडत असतील तर 'आन्दान आ ला ग्रेन्या' म्हणतात. तोही केसांवरूनच.

केळशीची_माहेरवाशीण

वा! झिंज्या उपटण्याचा संबंध वाचून मस्त वाटलं. आता हा शब्द कधी विसरणार नाही.

ह्यूस्टनची_आई

शाल्मली, तुझा प्रश्न माझ्या घरात अगदी खराखुरा येऊन गेला आहे.

लेक इथल्या द्विभाषिक वर्गात आहे, सकाळचे विषय स्पॅनिशमध्ये असतात. एक दिवस बाईंची चिठ्ठी आली: 'ओय से पेलेओ कोन उना कोंपान्येरा पोर एल कोलुंपिओ.' झोक्यावरून वर्गातल्या मुलीशी भांडली, एवढं कळलं. पण हात उचलला का? आईच्या जिवाला तेच हवं असतं ना! लेकीला विचारावं तर ती 'ती आधी बसली' याच्या पुढे जाईना.

मी बाईंना फोन करून सरळ विचारलं: 'दिस्कुतिएरोन, ओ से पेगारोन?' म्हणजे वाद घातला, की एकमेकींना मारलं? बाई म्हणाल्या, 'नो, नो से पेगारोन, सोलो से ग्रितारोन.' मारलं नाही, फक्त एकमेकींवर ओरडल्या. जीव भांड्यात पडला.

तर माझा अनुभव असा, की खुद्द स्पॅनिश बोलणाऱ्यांनाही नुसत्या 'से पेलेओ'वरून कळत नाही. तेही पुढे विचारतात. मारण्याचंच सांगायचं असेल तर 'पेगार' आहे, शब्दांचंच सांगायचं असेल तर 'दिस्कुतीर' आहे. 'पेलेआर' दोन्हीच्या वरची छत्री आहे.

ग्वादालाहाराकर

+१. मेक्सिकोत हातापायीचं स्पष्ट सांगायचं तर 'से अगार्रारोन आ गोल्पेस' म्हणतात. ठोशांनी एकमेकांना धरलं.

माद्रिदवासी

आणि स्पेनमध्ये 'येगारोन आ लास मानोस'. शब्दशः 'हातांपर्यंत पोचले'.

आबा_वाईकर

म्हणजे 'हातघाईवर आले'! मराठीत इतकं हुबेहूब असताना दुसरं काही शोधायलाच नको. आणि त्याच्या आधीची पायरी हमरीतुमरी.

रानजाई

'दिस्कुतीर'बद्दल एक सावधगिरी. इंग्रजीमार्गे स्पॅनिशकडे आलेले आपण सगळे त्याला 'चर्चा करणे' समजतो. 'आयेर दिस्कुती कोन मी खेफे' असं म्हणालात तर ऐकणारा 'अरे बापरे, काय झालं?' म्हणेल. काल माझं साहेबांशी वाजलं, असा त्याचा अर्थ. साहेबांशी शांतपणे चर्चा केली असेल तर 'आब्ले कोन मी खेफे' म्हणा. औपचारिक मजकुरात, संसदेत विधेयकावर 'दिस्कुतीर' चालतं, तिथे चर्चाच असते. पण दोन माणसांमध्ये तो शब्द वादाकडेच झुकतो.

पुण्यातून लॅटिन अमेरिकेच्या ग्राहकांचं काम बघणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवावं. पत्रात 'वाद घालू' असं लिहून जाईल.

शाल्मली_पुणे

ह्यूस्टनची_आई, खूप आभार, तुमच्या बाईंचं उत्तर वहीत लिहून घेतलं. रानजाई, 'दिस्कुतीर'चं अगदी वेळेवर सांगितलंत.

मग 'से'चं नक्की काय? माद्रिदवासी आणि ग्वादालाहाराकर यांच्यात कोणाचं धरायचं?

दक्षिणगोल

ब्युनोस आयर्सहून. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मला जसं उमजलंय तसं मांडतो.

'से' लागलं की गोष्ट खासगी होते, दोन माणसांतली होते, नातं मध्ये येतं. 'मे पेलेए कोन मी एर्मानो' यात भांडण तर आहेच, पण आमचं बिनसलं हाही सूर आहे. प्रेमिकांच्या बाबतीत 'से पेलेआरोन' म्हटलं तर इथे लोक 'तुटलं का?' असंच विचारतात. 'से' नसलं की मोकळी क्रिया उरते. सैनिक लढतो, मुष्टियोद्धा लढतो, बाई हक्कासाठी लढते.

'पोर' लावून बघा म्हणजे फरक उघडा पडतो. 'पेलेआन पोर ला तिएर्रा' म्हणजे जमिनीसाठी लढतात, शेतकऱ्यांची चळवळ डोळ्यांसमोर येते. 'से पेलेआन पोर ला एरेन्सिआ' म्हणजे वारशावरून भाऊभाऊ भांडतात. मराठीत आपण नकळत प्रत्यय बदलतो: जमिनी'साठी' लढतात, वारशा'वरून' भांडतात. स्पॅनिशमध्ये 'पोर' तसाच राहतो आणि 'से' येतं. तुमच्या रिमोटच्या वाक्यात 'से' आहे आणि हक्कांच्या वाक्यात नाही, त्याचं कारण हेच.

रानजाई

'साठी' आणि 'वरून'! दक्षिणगोल, हे वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. फारच छान.

माद्रिदवासी

हे पटलं. माझ्या दोन ओळींपेक्षा ही मांडणी खूप चांगली आहे.

शाल्मली_पुणे

आणि तिसरं वाक्य? एस्तान पेलेआदोस?

केळशीची_माहेरवाशीण

लग्नात मानपानावरून बिनसलं आणि तेव्हापासून अबोला. हे तर कुठल्याही घरात समजेल!

दक्षिणगोल

अगदी बरोबर. 'एस्तार पेलेआदो' ही अवस्था आहे. भांडण होऊन गेलं, आता बोलणं बंद. ते दोन दिवसही असेल, वीस वर्षंही. लहान मुलांत कट्टी, मोठ्यांत अबोला, भावकीत 'येणं-जाणं नाही'. तिन्हीला हे एकच पुरतं. मिटलं की 'इसिएरोन लास पासेस', म्हणजे समेट झाला. अर्जेंटिनात 'से अमिगारोन'ही म्हणतात, पुन्हा मित्र झाले.

ग्वादालाहाराकर

हेच मेक्सिकोत निर्जीव गोष्टींनाही लावतात. 'लो बारातो नो एस्ता पेलेआदो कोन लो बुएनो.' स्वस्त आणि चांगलं यांचं काही वैर नाही. दुकानदारांचं आवडतं वाक्य.

माद्रिदवासी

तिथे स्पेनमध्ये 'रेन्यिदो' येईल: 'नो एस्ता रेन्यिदो कोन'. 'रेन्यीर' हे भांडणाचं दुसरं क्रियापद, इथे रोजच्या वापरातलं. पण त्याची गंमत अशी, की 'रेन्यीर कोन' म्हणजे कुणाशी भांडणे आणि 'रेन्यीर आ' म्हणजे रागावणे. 'मी माद्रे मे रिन्यो' म्हणजे आई मला रागावली, आई माझ्याशी भांडली नव्हे. रूपंही बदलतात: रिन्यो, रिन्येस, पण रेन्यीमोस. आणि 'उन पार्तिदो मुय रेन्यिदो' म्हणजे अटीतटीचा सामना.

ह्यूस्टनची_आई

रागावण्याला आमच्या मेक्सिकन शेजारणी 'रेगान्यार' म्हणतात. 'रेन्यीर' त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

दक्षिणगोल

आणि अर्जेंटिनात 'रेतार'! 'मे रेतो मी मामा.' बाकी बऱ्याच ठिकाणी 'रेतार' म्हणजे आव्हान देणे. इतर देशांतले लोक हे वाक्य ऐकून आईने द्वंद्वाला बोलावलं की काय म्हणून बघत राहतात.

मांडवीकाठ

गोव्याहून. पोर्तुगीजमध्ये याचंच भावंड 'पेलेझार' आहे, पण ते पुस्तकी वाटतं. बोलताना 'ब्रिगार'. स्पॅनिश 'लुचार'चं (झगडणे, लढणे) तिकडे 'लुतार' होतं. माझी आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेली, ती आम्हा भावंडांवर ओरडताना 'ब्रिगार'च वापरायची.

पैलवानगडी

'लुचार'चा विषय निघाला म्हणून विचारतो. मेक्सिकोची 'लुचा लिब्रे', मुखवटेवाली कुस्ती, तिला 'पेलेआ' का म्हणत नाहीत? आम्हा कोल्हापूरकरांना हे माहीत पाहिजे.

ग्वादालाहाराकर

पैलवान, कारण 'लुचार'च्या लॅटिन मुळाचाच अर्थ कुस्ती खेळणे आहे. अंगाला अंग भिडवून, पकड घेऊन केलेला झगडा म्हणजे लुचा. मेक्सिकोत १९३३ मध्ये साल्वादोर लुतेरोथ यांनी लुचा लिब्रेची कंपनी काढली आणि तिथून हा खेळ देशभर झाला. मेक्सिको सिटीतलं 'अरेना मेक्सिको' हे त्याचं मोठं मैदान, तिथे सज्जन बाजूच्या मल्लांना 'तेक्निकोस' आणि खलांना 'रुदोस' म्हणतात. लोक ठरवून रुदोसच्या बाजूने ओरडायलाही जातात. मुष्टियुद्धाच्या लढतीला मात्र 'पेलेआ'च. कोंबड्यांच्या झुंजीलाही 'पेलेआ दे गायोस'.

माद्रिदवासी

स्पेनच्या कॅनरी बेटांवर 'लुचा कानारिआ' आहे. वाळूच्या गोलात, बारा-बारा मल्लांचे संघ, पायाचा तळवा सोडून अंगाचा कुठलाही भाग जमिनीला टेकला की पडला. पैलवान, तुम्हाला ती लुचा लिब्रेपेक्षा जवळची वाटेल.

पैलवानगडी

हे झकास! वाळू म्हणजे आपल्या हौद्याच्या मातीचीच बहीण. आता व्हिडिओ शोधतो.

रानजाई

शिवाय 'लुचार' जरा उदात्त आहे. रोगाशी, गरिबीशी, अन्यायाशी 'लुचार' करतात. तिथे 'पेलेआर'ही चालतं, पण ते जास्त घरगुती, जास्त खटक्याचं वाटतं. निबंधात 'लुचार', गप्पांत 'पेलेआर'.

दक्षिणगोल

रानजाई, बाकी सगळं मान्य, पण अर्जेंटिनात 'पेलेआर'लाही एक वेगळीच उंची आहे. महागाईने लोकांचं कंबरडं मोडलेलं असतं. कोपऱ्यावरच्या किऑस्कवाल्याला 'कोमो अन्दास?' विचारलं की तो सुटे पैसे मोजता मोजता म्हणतो, 'अका, पेलेआन्दोला.' शेवटचा 'ला' कशासाठी आहे हे कोणी सांगत नाही, आयुष्य म्हणा, परिस्थिती म्हणा. 'चाललंय, झुंजतोय' असा अर्थ. त्यात रडगाणं नसतं. हे उत्तर ऐकलं की मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. 'लुचार'मध्ये तो ओलावा मला तरी सापडलेला नाही.

रानजाई

हे माहीत नव्हतं. सुंदर आहे.

चिंचगुळ

अवांतर: स्पेनमध्ये साध्या, स्वस्त दारूला 'बिनो पेलेओन' म्हणतात, भांडखोर वाइन. मेक्सिकोत भांडखोर माणूस 'पेलेओनेरो'.

आणि 'पेलार' वेगळं बरं का! एक 'ए' गाळला की झगडा संपून सोलकाम सुरू. 'पेलार पापास' म्हणजे बटाटे सोलणे. चिलीत 'पेलार' म्हणजे पाठीमागे कुणाची निंदा करणे. आणि मेक्सिकोत 'नो मे पेला' म्हणजे तो माझ्याकडे लक्षच देत नाही.

शाल्मली_पुणे

देवा! एक 'ए' किती महाग आहे.

उच्चाराचंही विचारून घेते. 'मी भांडतो' आणि 'तो भांडला' दोन्ही देवनागरीत 'पेलेओ'च लिहावं लागतंय.

ग्वादालाहाराकर

आघात ऐकायचा. 'मी भांडतो'मध्ये जोर 'ले'वर, 'तो भांडला'मध्ये शेवटच्या 'ओ'वर, तिथे लिहिताना 'ओ'च्या डोक्यावर तिरकी रेघ येते. 'मी भांडलो' म्हणजे 'पेलेए', दोन्ही 'ए' सुटे म्हणायचे. मेक्सिकोत बोलताना पुष्कळ जण 'पेलिए', 'पेलिओ' म्हणतात. ते ऐकून समजून घ्यायचं, पण परीक्षेत लिहायचं नाही.

माद्रिदवासी

लहान मुलांना दटावताना स्पेनमध्ये 'नो ओस पेलेएइस!' आणि लॅटिन अमेरिकेत 'नो से पेलेएन!' किंवा 'नो पेलेएन!'. आणि त्यांचं तक्रार घेऊन येणं थांबवायला एक म्हण आहे: 'दोस नो से पेलेआन सी उनो नो किएरे.' एकाची इच्छा नसेल तर दोघं भांडत नाहीत.

केळशीची_माहेरवाशीण

एका हाताने टाळी वाजत नाही. आमच्या आईचं ठरलेलं वाक्य, चूक कोणाचीही असो.

आबा_वाईकर

सान मार्तीनचं वाक्य राहिलं की.

'कोन'चे दोन्ही अर्थ होतात, 'च्याशी' आणि 'च्या सोबत'. व्याकरण तिथे मदत करत नाही, इतिहास करतो. सान मार्तीन हे अर्जेंटिना, चिली, पेरूच्या स्वातंत्र्याचे सेनानी. ३ फेब्रुवारी १८१३ रोजी सान लोरेन्सोला त्यांच्या घोडदळाने स्पेनच्या फौजेला हरवलं. त्या लढाईत घोड्याखाली अडकलेल्या सान मार्तीन यांना वाचवताना काब्राल नावाचा शिपाई कामी आला. तिथल्या मुलांना हे शाळेत शिकवतात. 'काब्राल पेलेओ कोन सान मार्तीन' म्हटलं तर तो त्यांच्या बाजूनेच लढला, यात तिकडे कोणाला शंका येणार नाही. विरुद्ध बाजू स्पष्ट सांगायची असेल तर 'कोन्त्रा'. 'पेलेओ कोन्त्रा लोस रेआलिस्तास', राजाच्या फौजेविरुद्ध लढला.

शाल्मली_पुणे

आबा, धन्यवाद. चारही वाक्यं आता मोकळी झाली. कालपासून 'पेलेआर' असलेलं जे दिसेल ते टिपून ठेवते आहे, त्यात एक नवीन अडलं. फुटबॉलच्या बातमीत एका संघाबद्दल 'पेलेआ एल कांपेओनातो' आणि दुसऱ्याबद्दल 'पेलेआ एल देस्सेन्सो' असं होतं. कांपेओनातो म्हणजे अजिंक्यपद, ते मिळवण्यासाठी लढतोय हे कळलं. पण देस्सेन्सो म्हणजे खालच्या श्रेणीत घसरणं ना? ते मिळवायला कोण लढेल?

दक्षिणगोल

कोणीच नाही. तो ते टाळण्यासाठी लढतोय. रचना दोन्हीकडे तीच, एक जिंकायला आणि एक वाचायला. गुणतक्त्याच्या कुठल्या टोकाला संघ आहे त्यावरून वाचणारा समजतो. इथे खालच्या टोकाच्या संघांचे चाहते जास्त जोरात गातात. रविवारी स्टेडियमजवळ राहणाऱ्या कोणालाही विचारा.

पैलवानगडी

मग 'सामना' या शब्दासाठी कोणतं क्रियापद? अमुक संघाचा तमुक संघाशी सामना आहे, यात पेलेआर येतं का?

माद्रिदवासी

नाही, तिथे 'एन्फ्रेन्तार्से'. फ्रेन्ते म्हणजे कपाळ, समोरची बाजू. 'एस्पान्या से एन्फ्रेन्ता आ इंग्लातेर्रा' अशा बातम्या २०२३ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी सगळीकडे होत्या, आणि स्पेन १-० ने जिंकलं. संकटाचा सामना करणे यालाही तेच: 'एन्फ्रेन्तार्से आ उन प्रोब्लेमा'. लॅटिन अमेरिकेत 'से' आणि 'आ' गाळून थेट 'एन्फ्रेन्तार उन प्रोब्लेमा' म्हणतात.

ग्वादालाहाराकर

आणि 'एन्फ्रेन्तार आ उनो कोन ओत्रो' म्हणजे दोघांत लावून देणे. शाल्मली, यावर वेगळा धागा काढ. यातही बरंच सांगण्यासारखं आहे.

शाल्मली_पुणे

काढते. आधी यातली वाक्यं जमवून ठेवते.